पावाशिवाय बर्गर आणि सहावा वाडगा

मैत्रिणींनो, बसलात का रेडिओजवळ? हातातलं काम चालू ठेवा. लसूण सोलायचा असेल तर सोला, शेंगा फोडायच्या असतील तर फोडा. मध्येच एकदा वही-पेन लागेल, तेव्हा पोरांना हाक मारा. आज आम्ही स्वयंपाकाचं बोलणार आहोत. आणि ते बोलता बोलता, केलेलं अन्न वाढायचं कसं आणि घरातलं कोण कधी जेवतं, हेही बोलणार आहोत.

गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक झाली. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, सह्या झाल्या. मग नेहमीप्रमाणं गप्पा निघाल्या. एक जण म्हणाली, "बाजारच्या दिवशी धाकट्याला तालुक्याला नेलं, तर बर्गरच्या गाड्यासमोर बसकणच मारली त्यानं." दुसरी म्हणाली, "माझ्या लेकीनं वाढदिवसाला साडी-ड्रेस काही नको म्हणून सांगितलं. बर्गर पाहिजे म्हणे." तिसरीनं तर घेऊनच दिले होते, दोन पोरांना दोन. स्वतः चहा घेतला, घरी आली, चूल पेटवली आणि बाकीच्यांसाठी भाकरी थापायला बसली. पोरं तासाभरानं परत म्हणाली, "आई, भूक लागली."

आम्ही हसलो, पण एक प्रश्न डोक्यात राहिला. पोरांना त्यात एवढं आवडतं तरी काय? आणि जे आवडतं ते आपल्या चुलीवर, कामाच्या दिवशी, सगळ्या घराला पुरेल असं करता येईल का? मग त्याच बैठकीत आम्ही बर्गर सुटा करून पाहिला. कागदावर, बरं का.

बर्गरमध्ये असतं तरी काय?

वर-खाली पाव. पावावर तीळ. आत एक टिक्की, म्हणजे खरपूस भाजलेली वडी. तिच्यावर कोबीसारखी कुरकुरीत पानं, कांदा, टोमॅटो, आंबट केलेली काकडी. आणि सगळ्याला बांधून ठेवणारी आंबट-गोड, जराशी झणझणीत चटणी. संपला बर्गर.

हा पदार्थ अमेरिकेत फोफावला. जर्मनीतल्या हांबुर्ग शहरावरून त्याला हॅम्बर्गर नाव पडलं. तिकडं टिक्की मांसाच्या खिम्याची असते. आपल्याकडं आली तशी ती बटाट्याची झाली. म्हणजे बाहेर मैद्याचा पाव, आत बटाटा, वर मेयोनीज नावाची पांढरी चटणी. मेयोनीज म्हणजे मुख्यतः तेल. तेल घुसळून घुसळून घट्ट केलेलं असतं, म्हणून ते लोण्यासारखं दिसतं. आता सांगा, मैदा, बटाटा आणि तेल खाल्ल्यावर पोराला तासाभरात भूक नाही लागणार तर काय होणार? त्यात डाळ नाही, कडधान्य नाही, अंडं नाही. पोट भरतं, पण टिकत नाही.

तिकडच्या घरांतल्या बायकांनीही यातून एक सोपी वाट काढली आहे. त्यांनी पाव काढून टाकला आणि टिक्की वळायचंही सोडून दिलं. खिमा तसाच मोकळा परतायचा. एका खोलगट वाडग्यात खाली भात, त्यावर खिमा, बाजूला कोबी, टोमॅटो, काकडी, आणि वरून बर्गरचीच चटणी. चव बर्गरची, पण खायचा चमच्यानं. याला ते बर्गर बाऊल म्हणतात. आपण बर्गरचा वाडगा म्हणू.

हे ऐकून आमच्यातल्या एका सासूबाई म्हणाल्या, "अगं, मग ही मिसळच की! खाली उसळ, वर कांदा, वर फरसाण, वर लिंबू." अगदी बरोबर. मिसळ हा आपला वाडगाच आहे. म्हणून हा पदार्थ शिकायला अवघड नाही. थर लावून, वर कच्चं आणि आंबट घालून खाणं आपल्या हाताला आधीच माहीत आहे.

टिक्कीच्या जागी काय?

इथं आम्ही सगळ्यात जास्त डोकं चालवलं, कारण वाडग्याचा जीव इथंच आहे. आपल्या मराठवाड्यात सोयाबीन पिकतं. घराघरातून पोती जातात. पण आपल्या ताटात सोयाबीन किती येतं? तेल म्हणून येतं, बस. सोयाबीनमधून तेल काढल्यावर जो भाग उरतो, त्याच्या सोया वड्या बनतात. दुकानात त्याच मिळतात, मोठ्या वड्या किंवा बारीक चुरा. कोरड्या सोया वडीच्या वजनात जवळजवळ निम्मी प्रथिनं असतात. प्रथिनं म्हणजे अंगातलं मांस, रक्त, पोरांची वाढ ज्यानं होते ते. डाळी-कडधान्यात ती वजनाच्या साधारण पाव भागापर्यंत असतात, ज्वारी-तांदळात दहाव्या भागाच्या आसपास.

नुसत्या सोयाला एक वास असतो, पोरं नाक मुरडतात. म्हणून आम्ही त्यात मोड आलेली मटकी घातली. मटकीनं चव आपली होते, आणि दाताखाली काहीतरी येतं.

एक सावधगिरी. घरचं कच्चं सोयाबीन वाटून थेट वापरू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये पचन अडवणारे घटक असतात. ते भिजवून, नीट उकडून, पूर्ण शिजवूनच खायचं. दुकानातल्या वड्या तयार करतानाच तापवलेल्या असतात, म्हणून त्या गरम पाण्यात भिजवून परतल्या की चालतं.

आता वही-पेन घ्या

सहा माणसांचं माप सांगतो. सावकाश सांगतो, लिहून घ्या.

खिम्यासाठी: बारीक सोया वड्या दीडशे ग्रॅम. मोड आलेली मटकी दोन वाट्या. कांदे तीन, बारीक चिरून. टोमॅटो दोन. लसणाच्या दहा-बारा पाकळ्या आणि बोटभर आलं, ठेचून. जिरं एक चमचा, हळद अर्धा चमचा, काळं तिखट दोन चमचे किंवा घरच्या चवीनं. तेल तीन मोठे चमचे. मीठ. मूठभर शेंगदाण्याचा कूट.

खालच्या थरासाठी: अर्धा किलो तांदूळ, किंवा तेवढ्याच ज्वारीच्या कण्या.

वरच्या थरासाठी: छोटा कोबी अर्धा, काकडी दोन, कांदा एक, टोमॅटो दोन, लिंबं दोन, कोथिंबीर, आणि दोन चमचे भाजलेले तीळ.

चटणीसाठी: घट्ट दही दीड वाटी, मोहरी एक चमचा, टोमॅटो एक, गुळाचा लहान खडा, थोडं लाल तिखट, मीठ, दोन चमचे शेंगदाण्याचा कूट.

लिहिलं? आता कृती.

मटकीची तयारी आदल्या दिवशी. सकाळी शेतात जाताना भिजत घाला, रात्री उपसून फडक्यात बांधा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मोड येतात. उन्हाळ्यात लवकर, थंडीत उशिरा.

संध्याकाळी घरी आल्यावर पहिलं काम, कुकर लावणं. तांदूळ असेल तर नेहमीसारखा. कण्या असतील तर सकाळीच भिजवलेल्या बऱ्या. चौपट पाणी, मीठ, आणि तीन-चार शिट्ट्या. कुकरच्या वरच्या भांड्यात मटकी वाफवायला ठेवायची ती तांदळासोबतच. कण्यांना जास्त शिट्ट्या लागतात, त्यात मटकीचं पिठलं होतं. तेव्हा ती वेगळी, झाकण ठेवून वाफवा.

दुसरं काम, दही फडक्यात बांधून खुंटीला टांगणं. निथळलेलं पाणी फेकू नका. कढीत घाला, नाही तर पीठ भिजवायला घ्या.

तिसरं, सोया वड्या उकळत्या पाण्यात घालून झाकून ठेवा. पंधरा मिनिटांनी उपसा, गार पाण्यानं धुवा आणि हातानं घट्ट पिळा. परत धुवा, परत पिळा. हे दोनदा पिळणं चुकवू नका. आम्ही पहिल्या वेळी चुकवलं. सगळ्या वाडग्याला असा वास आला की एका घरात ते म्हशीच्या आंबोणात गेलं. मोठ्या वड्या असतील तर पिळल्यावर खलबत्त्यात किंवा पाट्यावर जाडसर ठेचून घ्या.

आता लोखंडी कढई ठेवा. तेल, जिरं, मग कांदा. कांदा चांगला तांबूस होऊ द्या, घाई करू नका. आलं-लसूण घाला, हळद, काळं तिखट, मग टोमॅटो. टोमॅटो गळला की पिळलेला सोया आणि वाफवलेली मटकी. मीठ घाला, हलवा. आणि आता हात बांधून उभ्या राहा. आच मोठी करा, खिमा कढईभर पसरा आणि दोन-तीन मिनिटं अजिबात हलवू नका. खालून खरपूस झाला, थोडा धरला, की उलथन्यानं उलटा आणि परत तसंच. हे दोन-तीनदा करा. बर्गरच्या टिक्कीला जी भाजकी चव असते ती इथून येते. सारखं ढवळत राहिलात तर ती उसळ होईल, बर्गर होणार नाही. शेवटी कूट घालून उतरवा.

लोखंडी कढईच का? टोमॅटोसारखं आंबट लोखंडात शिजलं की थोडं लोह अन्नात उतरतं. फक्त झाल्यावर खिमा लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, कढईत राहिला तर काळा पडतो.

चटणी म्हणजे बर्गरची ओळख

पोरं बर्गर ओळखतात ते चटणीवरून. तिकडच्या चटणीत मेयोनीज, टोमॅटोचं सॉस, मोहरीची चटणी आणि आंबट काकडी असते. आता आपल्याकडं बघा. मेयोनीजच्या जागी टांगलेलं दही आणि शेंगदाण्याचा कूट. सॉसच्या जागी आरावर भाजलेला टोमॅटो आणि गूळ. आणि मोहरीसाठी तर आपल्या आज्यांची फेसलेली मोहरी आहेच. लोणच्यात, रायत्यात मोहरी फेसून घालायच्या की नाही त्या?

मोहरी तासभर पाण्यात भिजवा, मग थोडं थोडं पाणी घालून पाट्यावर किंवा खलात वाटा. नाकाला झिणझिण्या आल्या की फेसली समजा. टोमॅटो भाजून साल काढा आणि गूळ घालून कुस्करा. यात मोहरी, तिखट, मीठ, कूट घाला. दही मात्र अगदी वाढायच्या वेळी मिसळा, नाही तर चटणीला पाणी सुटतं. दह्याशिवायचं हे वाटण जास्त करून गार जागी ठेवलं तर दुसऱ्या दिवशीही चालतं.

काकडीचं सोपं. बारीक फोडींना मीठ, लिंबू आणि चिमूटभर साखर चोळून अर्धा तास ठेवा. पाणी सुटलं की पिळून घ्या. ही झाली आंबट काकडी. कोबीला मात्र आधी मीठ लावू नका. आम्ही लावलं होतं. जेवायच्या वेळेपर्यंत कोबीची मऊ लांब गवतासारखी अवस्था झाली. कुरकुरीतपणा गेला की बर्गर गेला.

कोबी नसेल तर? पातीचा कांदा चालतो, मुळ्याचा कीस चालतो, कोवळी मेथी चिरून चालते. शेताच्या बांधावरची घोळ छानच लागते, आंबूस असते. कच्चं काहीही घेतलं तरी चिरायच्या आधी स्वच्छ पाण्यात दोनदा धुवा.

थर कसे लावायचे

प्रत्येक वाडग्यात आधी भात किंवा कण्या. त्यावर दोन पळ्या खिमा. एका बाजूला कोबी, दुसऱ्या बाजूला काकडी, टोमॅटो आणि कांदा. मधोमध चटणी. वर लिंबू पिळायचं आणि तीळ भुरभुरायचे. तीळ विसरू नका. आमच्यातल्या एकीच्या पोरानं सगळं बघितलं, तोंड वाकडं केलं. मग तीळ पडल्यावर म्हणाला, "हां, आता बर्गरसारखं दिसतंय!"

सगळ्यांकडं सहा सारखे वाडगे नसतात, आमच्याकडंही नव्हते. पितळी घ्या, जर्मनची खोलगट ताटली घ्या, काहीही चालेल. फक्त प्रत्येकाचं भांडं वेगळं हवं. का, ते पुढं सांगतो.

आदल्या दिवशीच्या भाकरी उरल्या असतील तर तो आमचा सगळ्यात आवडता खालचा थर. भाकरी कुस्करायची, मोहरी-कांद्याच्या फोडणीवर परतायची, पाण्याचा हबका मारून वाफ आणायची. त्यावर खिमा आणि चटणी. मग त्या दिवशी कुकरही नको.

घरात कुणी मांसाहार करत असेल तर सोयाच्या जागी कोंबडीचा खिमा घ्या, कृती तीच. अंडी असतील तर सोया निम्मा करा आणि शेवटी तीन-चार अंडी फोडून परता. म्हाताऱ्या माणसांना दात नसतात. त्यांच्या वाडग्यात भात मऊ, कोबीऐवजी पिकलेला टोमॅटो आणि चटणी जास्त. लहान लेकराला तिखट घालायच्या आधीच दोन पळ्या बाजूला काढा. आणि लेकरं, गरोदर बायका यांना मोडाची कडधान्यं कच्ची देऊ नका, पूर्ण वाफवूनच द्या. मोड आणायच्या ओलाव्यात जंतूही वाढतात.

उरलं तर? दही घातलेलं काही ठेवू नका, विशेषतः उन्हाळ्यात. नुसता खिमा उरला तर रात्री गार जागी झाकून ठेवा, सकाळी वास घेऊन बघा. चांगला असेल तर नीट गरम करा आणि पोळीत भरून पोरांच्या डब्यात द्या.

वेळ वाचतो का?

खरं सांगतो, नेहमीच नाही. पिठलं-भाकरी याच्याहून लवकर होते, त्यात वाद नाही. सकाळची तयारी असेल तर वाडगा पाऊण तासात होतो. मग आम्ही हे का सांगतोय?

भाकरीचा स्वयंपाक आठवा. भाकरी गरम लागते. एक थापायची, एक तव्यावर, एक आरावर फुगतेय, एक ताटात. सासरे जेवले, मालक जेवले, पोरं जेवली, सासूबाई जेवल्या. करणारी मात्र चुलीपुढंच. शेवटची भाकरी उतरली की तिचा नंबर. तोवर कालवणाचं भगुनं तळाला लागलेलं असतं.

आमच्या गटात आम्ही एक गोष्ट केली. चार दिवस प्रत्येकीनं रात्री वहीत एक ओळ लिहायची, "आज मी कधी जेवले आणि काय जेवले." ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी लेकीकडून लिहून घ्यायचं. पुढच्या बैठकीत वह्या वाचल्या. घर वेगळं, गल्ली वेगळी, पण ओळ फिरून फिरून तीच. उसळ संपली होती, चटणी-भाकरी खाल्ली. अंडी पोरांना दिली, रस्सा खाल्ला. एकीच्या लेकीनं लिहिता लिहिता आईला विचारलं, "आई, तू रोजच असं जेवतेस?" ती सांगत होती आणि आम्ही सगळ्या गप्प झालो.

कुणी मुद्दाम उपाशी ठेवत नाही, मैत्रिणींनो. आपले सासू-सासरे वाईट नाहीत, नवरे वाईट नाहीत. पण भगुन्यातून वाढलं की शेवटचीच्या वाट्याला काय उरलं ते कुणाला दिसत नाही. वाढणारीलाच काय ते दिसतं, आणि ती बोलत नाही.

आता याचा परिणाम बघा. केंद्र सरकारच्या 2019 ते 2021च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या चौपन्न बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे आपण दहा जणी ओवाळायला बसलो तर त्यातल्या पाच-सहा जणी. खुरपताना दम लागणं, संध्याकाळी डोळ्यांपुढं अंधारी येणं, पाय भरून येणं, हे आपण वयावर ढकलतो. रक्त कमी होण्याला इतरही कारणं असतात, म्हणून आशाताईंकडून तपासणी करून घ्या, गोळ्या दिल्या तर घ्या. पण ताटातली कडधान्यं, भाजी रोज दुसऱ्याला जात असेल, तर गोळीनं तरी किती पुरं पडणार?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं पंचावन्न किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण सेहेचाळीस ग्रॅम प्रथिनं लागतात. आत्ता सांगितलेल्या मापातल्या एका वाडग्यातून, खालचा भात किंवा कण्या धरून, त्यातली जवळजवळ निम्मी मिळतात. शिवाय ज्वारी-तांदळातल्या प्रथिनांत जे कमी असतं, ते सोया-मटकीत असतं. दोन्ही एकत्र खाल्लं की अंगी चांगलं लागतं. वर पिळलेलं लिंबू फक्त चवीचं नाही, कडधान्यातलं लोह त्यानं अंगात जास्त शोषलं जातं. आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर उलटं होतं. चहा तासभर पुढं ढकला.

पण हे सगळं कधी? तो वाडगा तिच्या पोटात गेला तर.

सहावा वाडगा

म्हणून वाडग्याची खरी सोय ही. सगळं एकाच वेळी तयार होतं. तव्यापुढं कुणी उभं राहायचं नसतं. सहा भांडी ओळीत मांडायची, सहांत भात, सहांत खिमा, सहांत चटणी. सगळ्यांचं वाढून झाल्यावरच सगळ्यांनी बसायचं. सहावा वाडगा करणारीचा. तो भरलेला सगळ्यांना दिसतो. आणि रिकामा राहिला तर तोही सगळ्यांना दिसतो.

हे पहिल्या दिवशी जमलं असं समजू नका. आमच्यातल्या एकीनं सहा वाडगे भरले आणि तेवढ्यात दारात पाहुणे. तिनं काय केलं? हसत हसत आपला वाडगा उचलून पाहुण्यांपुढं ठेवला. सवयच ती. बैठकीत तिनं सांगितलं तेव्हा आम्ही एक नियम ठरवला. पाहुणा आला तर सगळ्या वाडग्यांतून एक-एक पळी काढायची आणि सातवा भरायचा. एकीच्याच वाडग्यातून नाही. आता तिच्या घरी पोरंच म्हणतात, "थांब आई, माझ्यातलं काढ."

दुसरीच्या घरी मालक म्हणाले, "आणि भाकरी कुठंय?" दिवसभर नांगरामागं फिरलेल्या माणसाला भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, ते बरोबर आहे. तिनं दुपारच्याच दोन भाकरी जास्त करून ठेवल्या. गार भाकरी वाडग्याबरोबर दिली. चुलीपुढं मात्र परत बसली नाही. तिसरीच्या सासूबाईंना एकत्र बसणंच पसंत नव्हतं. "बाया मागून जेवतात," म्हणाल्या. सुनेनं वाद घातला नाही. सासूबाईंचा आणि आपला वाडगा शेजारी मांडला, बाकीच्यांचा पलीकडं. दोघी एकाच वेळी जेवल्या. तिसऱ्या खेपेला सासूबाईच म्हणाल्या, "माझं आख्खं आयुष्य गेलं, पण गरम भात मी असा सगळ्यांबरोबर कधी खाल्ला नव्हता."

आम्ही रोज वाडगा करा म्हणत नाही. भाकरी आपली आहे, राहणार आहे. आठवड्यातून एक-दोन संध्याकाळ करून बघा. आणि बाकीच्या दिवशी भाकरीच असली तरी वाडग्याची एक गोष्ट उचला. कालवण वाढायला घ्यायच्या आधी आपली वाटी भरून बाजूला ठेवा. पहिली म्हणायला जड जात असेल तर सगळ्यांबरोबरची म्हणा, पण मागची नको.

जाता जाता या आठवड्याचं काम देतो. चार रात्री वहीत एक ओळ लिहा, आम्ही लिहिली तशी. कधी जेवले, काय जेवले. मग एक दिवस वाडगा करा आणि त्या रात्रीचीही ओळ लिहा. गटाच्या बैठकीत वाचा. तुमच्या चटणीत तुम्ही काय वेगळं घातलं, कुणी जवस घातलं, कुणी कारळं, तेही आम्हाला कळवा. पुढच्या वेळी तुमच्याच तोंडून ऐकवू.

तीळ भाजताना झाकण जवळ ठेवा, उडतात. बरं, येतो आम्ही. नमस्कार!